सड्यावरची फुलं कुंडीत : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२३

वहीची पहिली नोंद. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, आणि कड्याकपारींत जी फुलं येतात, त्यांतली निवडक कुंडीत फुलवायची आणि पुढच्या वर्षी त्याच कुंडीत पुन्हा फुलवायची, हे काम. जगवणं वेगळं, फुलवणं वेगळं आणि दुसऱ्यांदा फुलवणं त्याहून वेगळं.

आजचा दिवस यादीवर काट मारण्यात गेला. कारवी पहिल्याच फेरीत गेली. सात वर्षांतून एकदा फुलणाऱ्या झुडपाची जागा डोंगरउतारावरच आहे. सीतेची आसवे कितीही मोहक असली तरी ती पाणथळ कातळावर, निकस मातीत, बारीक जीव पकडून जगतात. कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती मुळातच मोजक्या उरल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. जमिनीवरच्या आमरींचं (ऑर्किडचं) बी मातीतल्या बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही. तो प्रयोगशाळेचा विषय.

उरल्या पाच : रानहळद, रानबेगोनिया म्हणजे बेगोनिया क्रेनाटा, सोनकी, मिकी माऊसच्या कानांसारखी फुलं येणारा कवला आणि तेरडा. तेरडा बागेत पूर्वीपासून आहेच, त्याला मुद्दाम तुलनेसाठी घेतला आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो. कुंडीतल्या झाडाला हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो : रंग किती दिवस?

ठरवलेलं माप असं. झाड बारा ते पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीत मावलं पाहिजे, उंची कुंडीच्या दुपटीवर जायला नको, फुलोरा निदान चार आठवडे चालला पाहिजे आणि रोपं तयार करायला रानातलं एकही झाड उपटावं लागता कामा नये.

१९ मे २०२३

शेवटच्या अटीबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण हंगामाच्या गडबडीत हीच अट आधी सैल होते.

आफ्रिकन व्हायोलेट आज जगभर खिडक्यांत दिसतं. ते वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतून घरी पाठवलं. रोपवाटिकांत त्याचे असंख्य वाण झाले, पण त्याच्या कित्येक रानटी भाईबंदांवर त्यांच्याच डोंगरात जंगलतोडीमुळे संकट आहे. खिडक्या भरल्या म्हणून डोंगर वाचतो असं नाही. हे मनात पक्कं असायला हवं.

म्हणून अभयारण्य, राखीव जंगल आणि कास यांसारखी संरक्षित पठारं यांतून बीसुद्धा आणायचं नाही. बी फक्त मालकी जमिनीवरून, मालकाला विचारून, तेही दहा झाडांत एका झाडाचं. कंद फक्त रोपवाटिकेत वाढलेले. पुढे विक्रीचा विचार आला तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागेल, आणि ज्या गावच्या शिवारातलं बी आहे तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोलावं लागेल. तो कागद आत्तापासूनच फाइलला लावला. कुठलं बी, कुठून, कोणत्या तारखेला, किती : प्रत्येक पाकिटावर हे चार रकाने.

४ जून २०२३

माध्यमाचं, म्हणजे कुंडीत भरायच्या मिश्रणाचं, काम. सड्यावर जांभ्याच्या कातळावर जेमतेम चार बोटं माती असते. आम्लधर्मी, निकस. पावसात ती तुडुंब भिजते आणि दिवाळीनंतर खडखडीत वाळते. कुंडीत तशीच माती भरली तर मुळं गुदमरतात, कारण कुंडीच्या तळाशी पाणी साचून राहतं. कातळावर ते उताराने वाहून जातं. त्यामुळे मातीची नक्कल न करता तिच्या वागण्याची नक्कल करायची.

कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा भिजवल्या. पहिल्या निथळीची ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, दोनच्या वर आली. दोन वेळा साध्या पाण्याने धुतलं, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवलं आणि पुन्हा धुतलं. कोकोपीट सोडियम आणि पोटॅश धरून बसतं, कॅल्शियम त्यांना हुसकावतं. सकाळी ईसी ०.५ वर आली. मग दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेली जांभ्याची खडी, एक भाग जुनं पानखत. खडी तीन ते सहा मिलिमीटरची. त्याखालची भुकटी काढून टाकली, नाहीतर तीच तळाशी बसून चिखल करते.

मुठीत दाबलं तर गोळा होतो, बोट लावलं तर फुटतो. रोपवाटिकेतल्या मावशी म्हणाल्या, “ताई, हा वाफसा झाला बघा.” याहून नेमकं माप माझ्याकडे नाही.

१४ जून २०२३

रानहळदीचे कंद लावले. चाळीस. काढताना आधी घाई झाली होती, त्यामुळे निम्म्या कंदांची खालची गाठमुळं तुटली आहेत. रानहळदीच्या मुळांच्या टोकाला छोट्या बटाट्यासारख्या फुगीर गाठी असतात, त्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं. थायलंडमधून जगभर जाणारी हिची चुलत बहीण, कुरकुमा आलिस्मॅटिफोलिया, तिचे कंद या गाठींसकट प्रतवारी लावून विकले जातात. गाठी जास्त तर कोंब लवकर. आपल्याकडे तेच होतं का ते पाहायची ही आयतीच संधी. गाठीवाले वीस लाल खुणेचे, बिनगाठीचे वीस पांढऱ्या.

२७ जून २०२३

पाऊस उशिरा आला. दोन दिवसांपूर्वी मुंबई गाठली आणि काल इथेही धरला.

आज रानबेगोनियाचं बी पेरलं. ‘पेरलं’ हा शब्द त्याला मोठा होतो. बेगोनियाचं बी म्हणजे तपकिरी धूळ. एका ग्रॅममध्ये हजारोंनी मावतं. श्वास सोडला तरी उडतं. पाकीट उघडायच्या आधी पंखा बंद केला, दार लावलं. कोरड्या, भाजून गार केलेल्या बारीक वाळूत बी मिसळलं, पोस्टकार्डाची घडी करून तिच्या खाचेतून ट्रेवर टिचकीने सोडलं. वर माती टाकायची नाही. या बियाला उजेड लागतो. पाणी वरून द्यायचं नाही, ट्रे पाण्यात ठेवून खालून चढू द्यायचं. वर काच ठेवली.

मावशींनी काच तिरकी केली, म्हणजे आतल्या बाजूला जमलेला थेंब मध्ये न पडता कडेने ओघळेल. एक थेंब पडला तर त्या जागचं सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं.

५ जुलै २०२३

सोनकी उगवली, ७२ पैकी ५१. कवला ७२ पैकी ६. कवल्याच्या बियाचं साल टणक आहे. उरलेलं बी सँडपेपरच्या दोन तुकड्यांत हलकं घासून, रात्रभर कोमट पाण्यात ठेवून उद्या पुन्हा.

१६ जुलै २०२३

रानहळदीचा पहिला फुलोरा. पानांच्या आधी आला. सकाळी कुंडीच्या मधोमध मातीला तडा गेलेला दिसला, संध्याकाळपर्यंत हिरवट टोक वर. तीन दिवसांत त्याचा तुरा झाला. खालची छदं, म्हणजे फुलांखालची पानांसारखी आवरणं, हिरवी, वाटीसारखी, त्यांत थोडं पावसाचं पाणी साठलेलं. वरची छदं गुलाबी, टोकाला जांभळट होत गेलेली. खरी फुलं पिवळी आणि लहान, खालच्या वाट्यांतून एकेक डोकावणारी. फूल दुपारपर्यंत कोमेजतं, पण गुलाबी तुरा तसाच राहतो. म्हणजे इथे रंग फुलाचा नाही, छदांचा, तो टिकेल. बोगनवेल आणि पॉइन्सेटिया यांचं बळही त्यातच आहे.

अडचण एकच. हा पहिला तुरा मातीलगत येतो, कुंडीच्या काठाच्या खाली लपतो. समोरून पाहणाऱ्याला दिसतच नाही. पुढच्या लागवडीत माध्यम काठापर्यंत भरायचं आणि कंद वर, जेमतेम झाकेल एवढाच लावायचा.

लाल खुणेचे १७ उगवले, पांढऱ्या खुणेचे ९. घाईने काढलेल्या कंदांचा हिशेब समोर आला.

२९ जुलै २०२३

सोनकीत चूक झाली, माझ्याकडून. रोपं फिकट दिसली म्हणून झेंडूला देतो त्या मापाने विद्राव्य खत दिलं, दोनदा. झाडं दोन आठवड्यांत ढोपराएवढी झाली. पानं हाताएवढी रुंद, खोड पोकळ, कळीचा पत्ता नाही. शेजारच्या मालकी सड्यावर तीच सोनकी वीतभर उंचीवर कळ्या धरून उभी आहे.

उपाशी मातीत वाढलेलं झाड थोड्या अन्नात लवकर फुलतं, कारण त्याला पाऊस संपायच्या आत बी धरायचं असतं. त्याला पोटभर दिलं तर ते वाढत राहतं. उरलेल्या तीन ओळींना आता पाव मात्रा, पंधरा दिवसांतून एकदा. एका ओळीला काहीच नाही.

११ ऑगस्ट २०२३

बेगोनियाची रोपं आता दिसण्याएवढी झाली. दोन-दोन मिलिमीटरची पानं, भिंगातून पाहिलं तर कडेला आत्ताच दातेरी. रोपं ओल्या काडीने उचलून प्रो-ट्रेत, म्हणजे खणाखणांच्या ट्रेत, हलवली. बोटांनी धरायचं नाही, टाचणीच्या डोक्याने टेकू द्यायचा. मावशींनी एका दिवसात दोनशे हलवली, मी सत्तर, आणि माझ्यातली बारा कोलमडली.

त्यांनी हलवताना न सांगताच निवड सुरू केली होती. कोपऱ्यात वेगळा ट्रे. विचारलं तर म्हणाल्या, “ही बुटकी बसलीत ताई, बुडाशी फुटतील.” ट्रेवर ‘म-१’ लिहिलं. हे आमचं पहिलं निवडक वाण ठरू शकतं.

२४ ऑगस्ट २०२३

पावसाने दडी मारली. सड्यावर सोनकीची पानं माना टाकून आहेत. शेडनेटमध्ये दुपारी ३४ अंश. धुकं सोडणारे फवारे दर अर्ध्या तासाला एक मिनिट.

कवल्याची रोपं घासलेल्या बियातून भरपूर आली, पण सगळी पिवळी. नत्र द्यावंसं वाटत होतं, थांबले. कवला शेंगावर्गीय, त्याच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी हव्यात. धुतलेल्या कोकोपीटमध्ये जिवाणू येणार कुठून? मागच्या वर्षी ज्या वाफ्यात कवला आपोआप उगवला होता तिथली मूठभर माती पाण्यात कालवून अर्ध्या कुंड्यांना दिली. अठरा दिवस झाले. त्या अर्ध्या गर्द हिरव्या, उरलेल्या तशाच. एक रोप उपटून मुळं धुतली : मोहरीएवढ्या गाठी, नखाने फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे कामावर आहेत.

कवल्याचं पान बोट लावलं की मिटतं. शेडनेटमध्ये येणारं प्रत्येक जण आधी त्यालाच हात लावतं. फुलाचा रंग पिवळा, त्यावर लाल ठिपके. मन गुंतलं आहे, पण हे एका पावसाचं झाड आहे. कुंडीत दुसरा हंगाम त्याला नाही.

९ सप्टेंबर २०२३

सोनकी फुलली. पाव मात्रेची ओळ ३२ सेंटिमीटरवर, बिनखताची २१ वर पण एकेका झाडावर मोजकी फुलं. ज्यांचा शेंडा सहा पानांवर खुडला होता त्यांना चार-पाच फांद्या आणि फुलं आठ दिवस उशिरा, पण एकदम. खुडलेल्या झाडाकडे वरून पाहिलं की कुंडी दिसत नाही, नुसतं पिवळं दिसतं. तो क्षण फार समाधानाचा होता.

बारा झाडांना वाढरोधक दिलं होतं, आंबा बागायतदार वापरतात तेच पॅक्लोब्युट्राझोल, अगदी कमी मात्रेत, मुळाशी. ते झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही, त्यामुळे पेरं लांबत नाहीत. झाडं बुटकी झाली खरी, पण पानं चुरगळली आणि फुलांचे दांडे इतके आखूड राहिले की फुलं पानांत रुतून बसली. शिवाय ते माध्यमात महिनोन्‌महिने राहतं; तीच माती पुढच्या रोपाला वापरली तर त्यालाही जखडतं. सोनकीला हे द्यायचं नाही असं ठरवलं. बुटकी झाडं निवडून त्यांचं बी धरायचं. दोन-तीन वर्षं जास्त लागतील.

कॅनरी बेटांवरच्या रानफुलांपासून घडलेलं सिनेरारिया हे सोनकीच्याच कुळातलं, पूर्वी सेनेसिओमध्येच गणलं जाणारं. तेही निवडीनेच एवढंसं झालं. सोनकीच्या कुंडीवर मात्र एक सूचना छापावी लागेल. सेनेसिओ वंशातल्या झाडांत यकृताला घातक अल्कलॉइडं असतात. लहान मूल किंवा गुरं पान चघळणार नाहीत अशी जागा हवी.

नागअळीने सोनकीच्या खालच्या पानांवर पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत. ती पानं खुडून जाळली, पिवळे चिकट सापळे लावले.

२३ सप्टेंबर २०२३

खोक्याची परीक्षा. ज्या झाडाला दोन दिवस अंधाऱ्या खोक्यात प्रवास सोसत नाही, ते रोपवाटिकेच्या बाहेर पडूच शकत नाही. प्रत्येक जातीच्या सहा कुंड्या खोक्यात, ४८ तास. तीन खोक्यांत नुसती झाडं, तीन खोक्यांत शेजारी एक पिकलेलं फळ. पिकणाऱ्या फळातून इथिलिन वायू सुटतो, आणि मालवाहू गाडीत फुलं आणि फळं बऱ्याचदा शेजारीच असतात.

तेरड्याच्या फुलांना आधी रंगीत धागे बांधले होते, उमललेल्या दिवसाप्रमाणे. खोक्याबाहेरच्या फुलांची सरासरी साडेतीन दिवस आली. म्हण अगदी मोजूनमापून केलेली आहे. फळाशेजारच्या खोक्यात तर सगळी फुलं आणि कळ्याही तळाला गळून पडलेल्या, धाग्यांसकट. फांद्या हिरव्यागार, जणू कधी फुलल्याच नव्हत्या. तेरड्याच्या सगळ्या वंशाचा हा स्वभाव आहे. न्यू गिनीचे तेरडे १९७० च्या अमेरिकन संग्रहमोहिमेनंतर कुंडीत आले, त्यांनाही इथिलिन सोसत नाही.

बेगोनियाची नर फुलं गळली, मादी फुलं टिकली. सोनकीची खालची पानं पिवळी पडली, फुलं शाबूत. रानहळदीच्या तुऱ्याला काहीच झालं नाही. सहाही कुंड्या जशा गेल्या तशा बाहेर आल्या.

तेरडा आणि कवला इथेच थांबवते. दोन्ही सुंदर आहेत, वाफ्यात आणि सड्यावर.

२ ऑक्टोबर २०२३

ओळखीच्या घरांत चाचणीच्या कुंड्या पाठवल्या : १६ रानहळद, १६ बेगोनिया, ८ सोनकी. रानहळदीचे आता मधले तुरे आलेत, पानांच्या मधून, उंच दांड्यावर. हे कुंडीत जास्त शोभतात. सोबत सूचनांचं एक पान : पूर्व किंवा उत्तर खिडकी, वरचं बोटभर माध्यम कोरडं झालं की पाणी, खत नको. दर रविवारी एक फोटो पाठवा.

१८ ऑक्टोबर २०२३

दिवसाच्या लांबीचा प्रयोग. आपल्या अक्षांशावर सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सगळ्यात लहान अकराचा. फरक दोन तासांच्या थोडा वर. एवढासा फरक झाडं बरोबर ओळखतात. कलांचो रात्र लांबली की कळी धरतो, म्हणूनच रोपवाटिकावाले काळं कापड ओढून तो वर्षभर फुलवतात. थायलंडच्या कुरकुमाचं उलट आहे : दिवस तेरा तासांच्या खाली गेला की ती आवरतं घेते. म्हणून रात्री दिवे लावून तिला जागं ठेवतात.

आपल्या रानहळदीच्या दहा कुंड्यांवर रात्री दहा ते दोन मंद दिवे लावले. दहा कुंड्या पडद्याआड, नेहमीच्या अंधारात. बाकी पाणी, माध्यम, सगळं एकच.

२६ नोव्हेंबर २०२३

अंधारातल्या दहाही पिवळ्या पडून आडव्या झाल्या. दिव्याखालच्या दहांपैकी आठ हिरव्या, एकीला नवा तुरा. तर दिवस हाच इशारा आहे, पाणी नाही. पाणी दोघींना सारखंच होतं. दिवे परवा बंद करणार. झोप लांबवता येते एवढं कळलं. ती कायमची घालवायचा माझा विचार नाही.

१५ डिसेंबर २०२३

आज सगळ्या घरांना फोन झाले. बेगोनियाच्या सोळांपैकी सात आणि रानहळदीच्या सोळांपैकी नऊ कुंड्या टाकून दिल्या गेल्या. झाडं मेली नव्हती.

एका घरातल्या आजींनी फार मनापासून सांगितलं, “अगं, मी रोज पाणी घातलं. पानं पिवळी पडली तशी जास्त घातलं. तरी गेलंच गं ते.” त्यांनी माती उकरून पाहिली, कंद मऊ लागला, कुजला म्हणून टाकला. त्यांची चूक नाही. पानं पिवळी पडली की पाणी द्यायचं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पिवळी पडली की पाणी तोडायचं, हे सूचनांच्या त्या पानावर मी एका शब्दाने लिहिलं नव्हतं. मी ‘रंग किती दिवस’ याच्यामागे लागले होते. रंग संपल्यानंतरचे सहा महिने माझ्या सूचनेत नव्हतेच.

सड्यावर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पाऊसच थांबतो. आभाळ आपोआप जे करतं ते कुंडीत माणसाला मुद्दाम करावं लागतं, आणि न करणं हे करण्यापेक्षा अवघड असतं. समोर रिकामी दिसणारी कुंडी, तिला पाणी घालायचं नाही, टाकायचीही नाही. यासाठी त्या घराला आधीपासून माहीत हवं की आत कोणी आहे.

संध्याकाळी मावशींसोबत बसून नवी पट्टी तयार केली. कुंडीत खोचायची, दोन बाजूंची. एका बाजूला हिरव्यात ‘जागी आहे : पाणी द्या’. दुसऱ्या बाजूला मातकट रंगात ‘झोपली आहे : पाणी नको, पावसात उठेल’. पहिलं पान पिवळं पडलं की पट्टी फिरवायची. मावशींचं म्हणणं ‘झोपली आहे’च ठेवा, ‘सुप्तावस्था’ नको. त्यांचं बरोबर आहे.

ज्या घरांत कुंड्या अजून आहेत त्या सगळ्यांना पट्ट्या पाठवल्या.

८ फेब्रुवारी २०२४

बेगोनिया ‘म-१’ मधली तीन झाडं वेगळी काढली. ही उशिरापर्यंत जागी राहिली, तेव्हा पानांचे तुकडे लावून घेतले होते. शिरेवर काप देऊन ओल्या वाळूवर टेकवले, कापाजवळ मणीएवढे कंद धरले. बियापासून केलेली भावंडं एकासारखी एक येत नाहीत, पानातून केलेली येतात. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. तिथपर्यंत अजून बरेच हंगाम आहेत.

रानहळदीचे कोंब ऊतिसंवर्धनासाठी एका प्रयोगशाळेत दिले होते. सगळ्या बाटल्यांत बुरशी. मातीतल्या कंदाचा कोंब स्वच्छ करणं कठीणच असतं. पुढच्या वेळी कंद आधी कोरड्या वाळूत कोंब फुटेपर्यंत ठेवून, माती न लागलेलं टोक द्यायचं.

२१ एप्रिल २०२४

झोपलेल्या कुंड्या उघडून मोजल्या. आमच्याकडच्या रानहळदींपैकी बहुतेक टणक. दोन कुजलेल्या, त्या ठिबकच्या गळत्या नळीखाली होत्या. दोघींवर पिठ्या ढेकूण, कंदाच्या खाचांत कापसासारखा. ब्रशने घासून, निंबोळी अर्काच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवल्या. एकेका कंदाचे आता तीन-तीन झालेत, आणि गाठमुळं भरगच्च. यंदा एकही गाठ तुटू न देता लावायच्या, त्यासाठी कुंड्या आपटून न काढता भिजवून सोडवल्या.

बेगोनियाचे कंद पावट्याएवढे. मातीतून शोधायला चाळणी लागली. यांना उकरायचंच नाही, त्याच कुंडीत राहू द्यायचं, असं यंदापासून.

११ जून २०२४

पाऊस यंदा वेळेवर. काल रात्री कुंड्या छपराबाहेर काढल्या आणि पट्ट्या हिरव्या बाजूने फिरवल्या.

दुपारी त्या आजींचा फोन. त्यांची रानहळद गेली होती, पण बेगोनियाची कुंडी त्यांनी पट्टी मिळाल्यावर कपाटावर ठेवली होती आणि विसरून गेल्या होत्या. परवाच्या पावसात आठवण झाली, खिडकीबाहेर ठेवली. “मातीवर दोन लालसर ठिपके दिसतायत, तुझीच आहेत का गं ती, की तण?” फोटो मागवला. पान अजून उलगडलेलं नव्हतं, पण कडेचे दाते दिसत होते.

आमच्याकडच्या रानहळदीच्या नऊ कुंड्यांत मातीला तडे गेले आहेत. माध्यम यंदा काठापर्यंत भरलंय. उद्यापासून रोज सकाळी सातला मोजणी.